एक्स फाइल्स पहिल्यापासून बघायचीय? मग आधी कुठे थांबायचं ते ठरवा

आधी हिशोब बघू. एक्स फाइल्स या अमेरिकन टीव्ही सिरीजचे मूळ ९ सीझन, १९९३ ते २००२, म्हणजे २०२ एपिसोड. २०१६ आणि २०१८ मध्ये परत आले ते सहा आणि दहा धरले की २१८. वर दोन सिनेमे. एपिसोड साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून १६० तासांच्या वर जातं, रोज दोन बघितले तरी साडेतीन महिने पुरतील. आणि हे डार्क या जर्मन सिरीजसारखं नाही की २६ एपिसोड, दोन वीकेंडला आटपलं, विषय संपला.

बहुतेक लोक काय करतात तर एक नंबरपासून ऑटोप्ले लावून देतात, उत्तर मिळेल उत्तर मिळेल करत सातव्या-आठव्या सीझनपर्यंत फरफटत जातात आणि मग वैतागून सोडतात, वर सगळीकडे सांगत फिरतात की ओव्हररेटेड आहे. अहो पण ही सिरीज शेवट ठरवून लिहिलेलीच नव्हती ना. क्रिस कार्टरने सुरू केली, फॉक्सवर चालली, मग तुफान चालली, आणि चालतेय म्हटल्यावर चॅनेल दरवर्षी पुढचा सीझन मागणारच. मग कटकारस्थानात अजून एक थर, त्याच्या खाली अजून एक थर. त्यामुळे शेवट आपणच निवडायचा आणि तो सुरू करायच्या आधी निवडायचा. खाली सगळं स्पॉयलर न देता लिहायचा प्रयत्न केलाय, पात्रांची आणि एपिसोडची नावं येतील, कोणाचं काय होतं ते येणार नाही.

एकात दोन सिरीज आहेत हे आधी डोक्यात घ्या

एक म्हणजे मायथॉलॉजी. एलियन, सरकारी लपवाछपवी, एफबीआय एजंट मल्डरच्या बहिणीचं प्रकरण, तो सिगरेट ओढणारा माणूस, हे सगळं. दुसरी म्हणजे मॉन्स्टर ऑफ द वीक, म्हणजे दर आठवड्याला नवीन केस, नवीन विचित्र प्रकार, ४५ मिनिटांत खेळ खलास. मायथॉलॉजी मोजली तर जेमतेम एक तृतीयांश भरेल, बाकी सगळे मॉन्स्टरवाले.

नेटवर "फक्त मायथॉलॉजी बघा" टाइपच्या लिस्ट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. सलग मायथॉलॉजी बघितली तर ती फार जड होते, आणि तिच्यातली भोकं पण लगेच दिसायला लागतात, कारण हे एपिसोड मुळात मध्ये तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त गॅप धरून लिहिलेत. मधल्या केसेसमध्ये मल्डर आणि त्याची जोडीदार एजंट स्कली एकमेकांशी कसे वागतात, कोण कधी कोणावर विश्वास टाकतो, हे सगळं मुरत जातं आणि त्याच्यामुळेच मायथॉलॉजीच्या एपिसोडमध्ये आपल्याला काही वाटतं. नाहीतर रिकाम्या गोडाऊनमध्ये टॉर्च घेऊन फिरणारे दोन लोक, बस. आणि माझं स्पष्ट मत, सिरीजचं सगळ्यात भारी लिखाण मॉन्स्टरवाल्यांतच आहे.

म्हणून प्रमाण असं ठेवा: मायथॉलॉजीचा एकही सोडायचा नाही, मॉन्स्टरवाल्यांतले निवडून बघायचे.

थांबे

चार जागा आहेत जिथे उतरता येतं.

पहिला थांबा पाचवा सीझन आणि त्याच्या पाठोपाठ १९९८ चा सिनेमा, फाइट द फ्यूचर. मोठा पडदा, मोठा खर्च, बऱ्यापैकी समाधान. पण धागे लोंबकळत राहतात.

दुसरा थांबा सहाव्या सीझनच्या मध्यात, टू फादर्स आणि वन सन ही जोडी, एपिसोड ११ आणि १२. वेळ कमी असेल त्याने इथेच थांबावं. पहिल्या सीझनपासून जे कारस्थान चाललंय त्याचा बराचसा उलगडा इथे होतो, अगदी समोर बसवून सांगतात, आणि एका मोठ्या गोष्टीवर पडदा पडतो. सीझनच्या मध्ये असल्यामुळे इथे शेवट आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

तिसरा सातव्या सीझनचा शेवटचा एपिसोड, रेक्विम. पुढे सीझन मिळतोय की नाही हे नक्की नसताना लिहिलेला, त्यामुळे वर्तुळ पूर्ण केल्यासारखा पण आहे आणि दार उघडं ठेवल्यासारखा पण. पहिला एपिसोड जिथे घडतो त्याच गावात परत जातात. माझी पसंती हीच. थोडी हुरहूर लागते पण चालतंय की.

चौथा नवव्या सीझनचा द ट्रुथ. तिथपर्यंत जायचं तर आठवा-नववा वेगळ्या मनाने बघावे लागतात, त्याबद्दल पुढे लिहितो.

ठरलं? लिहून ठेवा कुठेतरी. मधेच "आता अजून एक" करत पुढे सरकायचा मोह होणारच, तेव्हा निदान आपण ठरवून सरकतोय एवढं तरी कळेल.

पहिला सीझन: घाई नको

पहिले दोन, पायलट आणि डीप थ्रोट, एकाच बैठकीत बघा. पायलट नुसती ओळख करून देतो, खरी गंमत काय आहे ते दुसऱ्यात कळतं. तिसरा स्क्वीझ, पहिला खरा मॉन्स्टर, आजही बघताना अंगावर काटा येतो. मग आठवा, आइस, बर्फाळ प्रदेशातलं संशोधन केंद्र आणि आत अडकलेली मोजकी माणसं, बाकी काही सांगत नाही. तेरावा बियॉन्ड द सी अजिबात सोडायचा नाही, स्कली कोण आहे ते इथे कळतं. मग ई.बी.ई. आणि शेवटचा द अर्लेनमायर फ्लास्क.

घोस्ट इन द मशीन आणि स्पेस उडवलेत तरी कोणी विचारायला येणार नाही. स्पेस तर उडवाच.

एक सापळा मात्र आहे. एकविसावा एपिसोड टूम्स, लिस्टमध्ये मॉन्स्टरवाला म्हणून लिहिलेला असतो, आणि स्क्वीझचाच पुढचा भाग म्हणून लोक म्हणतात झालं की बघून. पण स्किनर, म्हणजे मल्डर-स्कलीचा साहेब, सिरीजमध्ये पहिल्यांदा इथे येतो, आणि सिगरेटवाला माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो तो पण इथेच. स्क्वीझ आणि टूम्स लागोपाठ बघू नका, मध्ये थोडे दिवस जाऊ देत. तो माणूस विसरायला झाला की मग परत समोर आला पाहिजे.

पहिला सीझन बघून "ठीक आहे" वाटलं तर निराश होऊ नका, दुसऱ्या सीझनच्या ड्वेन बॅरीपर्यंत जा, मग ठरवा.

जोड्या आणि तिकड्या कशा बघायच्या

रात्री साडेअकराला पहिला भाग लावला, शेवटी पडद्यावर "टू बी कंटिन्यूड" आलं, आता झोपणार कसं? सकाळी आठ दहाची लोकल आहे. म्हणून बघायच्या आधीच कुठला एपिसोड जोडीतला आहे ते माहीत पाहिजे आणि त्या जोड्या सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवायच्या.

मोठ्या जोड्या सांगतो. दुसऱ्या सीझनमध्ये ड्वेन बॅरी आणि असेन्शन (५, ६), आणि त्यांच्याबरोबर आठवा वन ब्रेथ पण त्याच आठवड्यात घ्या. कॉलनी आणि एंड गेम (१६, १७). मग सीझनचा शेवट अनासाझी, हा एकटा बघायचा नाही, कारण तो तिसऱ्या सीझनच्या पहिल्या दोन भागांना, द ब्लेसिंग वे आणि पेपर क्लिपला, चिकटलेला आहे. तीन मिळून सव्वादोन तासांचा सिनेमाच होतो. रविवारी दुपारी जेवून पडदे ओढून बसा. १९९५ मध्ये लोकांना अनासाझीनंतर अख्खा उन्हाळा थांबावं लागलं होतं, आपल्याला चहा करायला उठायचं एवढंच.

तिसऱ्यात निसाई आणि ७३१ (९, १०), पायपर मारू आणि अपोक्रिफा (१५, १६). काळं तेल पायपर मारूपासून सुरू होतं, ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. चौथ्याचा शेवट गेथसेमनी हा पाचव्याच्या रिडक्सच्या दोन भागांबरोबर, म्हणजे परत तिकडी.

इतर दिवशी रोज दोन, फार तर तीन. त्याच्या वर गेलात की सगळ्या केसेस डोक्यात एकमेकांत मिसळतात. पाच बघून झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी विचारा तिसऱ्यात काय झालं, सांगताच येत नाही. नेटवर्कवरच्या त्या काळच्या सगळ्याच सिरीजचं हे असं आहे, एका सीझनला वीस-पंचवीस एपिसोड आणि आठवड्याला एक. त्या पदार्थाची मात्राच तेवढी ठरलेली आहे, लोणच्याने पोट भरत नाहीत.

स्किप इंट्रो दाबायचं नाही

ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. टायटलच्या शेवटी जे वाक्य येतं ना, "द ट्रुथ इज आउट देअर", ते काही ठरावीक एपिसोडमध्ये बदलतात. द अर्लेनमायर फ्लास्कमध्ये "ट्रस्ट नो वन" येतं, असेन्शनमध्ये "डिनाय एव्हरीथिंग", ७३१ मध्ये "अपॉलॉजी इज पॉलिसी", अनासाझीमध्ये तर वाक्य नव्हाहो भाषेत आहे. बदललं की समजायचं आज काहीतरी मोठं आहे. अर्धं मिनिट वाचवायला लोक हे घालवतात. शिवाय मार्क स्नोची ती शिट्टीची ट्यून.

सीन सुरू होताना कोपऱ्यात गावाचं नाव आणि कधी कधी तारीख-वेळ टाइप होत येते तीही वाचत जा, नाहीतर आपण व्हर्जिनियात आहोत की अलास्कात हेच कळत नाही. तशीही पहिली पाच वर्षं शूटिंग सगळं कॅनडात व्हँकुव्हरला झालंय, त्यामुळे अमेरिकेतलं कुठलंही राज्य असलं तरी पाऊस, धुकं आणि सूचीपर्णी जंगल ठरलेलं. सहाव्या सीझनपासून शूटिंग लॉस एंजेलिसला गेलं आणि अचानक ऊन पडायला लागलं, फरक लगेच जाणवेल.

खोलीत अंधार करा. हौस म्हणून नाही, चित्रच इतकं काळं आहे की ट्यूबलाइटमध्ये नुसतं आपलं तोंड स्क्रीनवर दिसतं. बसमध्ये मोबाइलवर तर बघूच नका. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, मल्डर पुटपुटतो आणि कारस्थानवाले सगळे कुजबुजतात.

लिस्टमध्ये न दिसणारे महत्त्वाचे

टूम्ससारखाच दुसरा सापळा चौथ्या सीझनमध्ये आहे. बारावा, लेनर्ड बेट्स. वरवर बघता शुद्ध मॉन्स्टर एपिसोड, मायथॉलॉजीच्या लिस्टमध्ये बरेचदा नसतोच. पण त्याच्या शेवटच्या काही मिनिटांत एक गोष्ट घडते आणि तिच्यावर चौदावा मेमेंटो मोरी उभा आहे, तिथून पुढे बरंच काही उभं आहे. लेनर्ड बेट्स न बघता मेमेंटो मोरी बघितला तर मधलं पान फाटल्यासारखं होतं. आणि गंमत म्हणजे हा एपिसोड जानेवारी १९९७ मध्ये सुपर बोल या त्यांच्या फुटबॉल फायनलनंतर लगेच दाखवला होता, अमेरिकेत २ कोटी ९० लाखांच्या आसपास लोकांनी बघितला, सिरीजचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला एपिसोड हाच.

तिसऱ्या सीझनचा पुशर (१७) बघा, म्हणजे पाचव्यातल्या किट्सुनेगारीला अर्थ आहे. दुसऱ्यातला इरेझिस्टिबल (१३) बघा, त्यातला माणूस सातव्यात परत येतो.

दुसऱ्या सीझनमध्ये स्कलीच्या बाबतीत जे होतं ते बघून वाटतं काय प्लॅनिंग आहे यांचं. प्लॅनिंग वगैरे काही नाही, गिलियन अँडरसन तेव्हा गरोदर होती, तिला काही काळ गोष्टीतून बाजूला करायचं होतं म्हणून तो धागा काढला, आणि त्याच्यावर पुढची कितीतरी वर्षं मायथॉलॉजी चालली. हे माहीत असलं की पुढे कुठे गाडी घसरली तर आपण एवढे चिडत नाही.

विनोदी एपिसोड कधी बघायचे

डॅरिन मॉर्गन हे नाव लक्षात ठेवा. दुसऱ्या सीझनचा द होस्ट आहे ना, गटारातला तो जंत-माणूस, त्या पोशाखाच्या आत हाच होता. पुढे तो लिहायला लागला आणि त्याने सिरीजचीच खिल्ली उडवायला सुरुवात केली. हंबग (सीझन २, २०), क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोझ (सीझन ३, ४), होज़े चंग्स फ्रॉम आउटर स्पेस (सीझन ३, २०). क्लाइड ब्रकमनला लेखनासाठी आणि पाहुण्या कलाकारासाठी, पीटर बॉइलला, अशी दोन एमी मिळाली. विनोदी म्हणायचं पण बघून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसायला होतं.

हे सुरुवातीलाच बघायचे नाहीत. मित्राला इम्प्रेस करायला लोक थेट होज़े चंग दाखवतात आणि समोरचा म्हणतो हे काय चाललंय. आधी सिरीज गंभीरपणे घ्यायची सवय लागली पाहिजे, मग तिची टिंगल कळते. पाचव्या सीझनचा बॅड ब्लड (१२) पण तसाच, एकच केस आधी स्कली सांगते मग मल्डर सांगतो, दोघांच्या सांगण्यात दुसरा कसा दिसतो ते बघा. हा विन्स गिलिगनचा, तोच ब्रेकिंग बॅडवाला. सहाव्यातला ड्राइव्ह (२) पण त्याचाच, त्यात ब्रायन क्रॅन्स्टन आहे, आणि पुढे ब्रेकिंग बॅडच्या नायकासाठी, वॉल्टर व्हाइटसाठी, याच माणसाचा हट्ट गिलिगनने का धरला ते हा एपिसोड बघितला की कळतं.

आणि चौथ्या सीझनचा दुसरा, होम. जेवताना नाही, आईवडिलांसमोर नाही, मुलांसमोर तर नाहीच. फॉक्सने सुद्धा आधी इशारा देऊन दाखवला होता. नको वाटला तर सोडा, गोष्ट कुठेही अडत नाही.

सिनेमा कुठे बसवायचा

इथे सगळे चुकतात, कारण ॲपवर सिनेमा वेगळा असतो आणि पाचव्या सीझनचा शेवटचा एपिसोड संपला की ऑटोप्ले सरळ सहाव्याचा पहिला सुरू करतो. क्रम असा: पाचव्याचा शेवटचा द एंड, मग फाइट द फ्यूचर, मग सहाव्याचा द बिगिनिंग. सिनेमाचं शूटिंग १९९७ च्या उन्हाळ्यातच झालेलं होतं, म्हणजे पाचवा सीझन लिहिताना लेखकांना पुढे कुठे पोचायचंय ते आधीच ठरून गेलेलं, त्यामुळे त्या सीझनमध्ये काही गोष्टी मुद्दाम रेंगाळत ठेवल्यात असं वाटेल, ते तसंच आहे. पाचवा वीसच एपिसोडचा आहे ही त्यातल्या त्यात सोय.

२००८ चा दुसरा सिनेमा स्वतंत्र केस आहे. थांबा कुठलाही निवडा, हा न बघितल्याने काही बिघडत नाही.

गूगल बंद

पात्राचं नाव टाकलं की सर्च बारच पुढचं सुचवतो, कोण मरतो, कोण कोणाचा बाप. फॅन विकीवर तर पहिल्याच चौकटीत जिवंत की मृत लिहिलेलं असतं. तीस वर्षं जुनी सिरीज, कोणी स्पॉयलर लपवायच्या भानगडीत पडत नाही आता. शंका आली तर फोनच्या नोट्समध्ये चार ओळी लिहून ठेवा: कोणत्या सीझनमध्ये कोण दिसलं, कोणाच्या बाजूने बोललं. क्रायचेक, एक्स, डीप थ्रोट, लोन गनमेनचे तिघं, एवढ्यांची नोंद पुरे.

घरात नव्वदच्या दशकात केबलवर बघितलेला दादा किंवा मावशी असेल तर त्यांना बरोबर बसवा पण अट घालून, की "आता बघ हं" म्हणायचं नाही.

आठवा आणि नववा

डेव्हिड डुकॉव्हनी, म्हणजे मल्डर, आठव्यात साधारण निम्म्याच एपिसोडमध्ये आहे. त्याच्या जागी डॉगेट येतो, रॉबर्ट पॅट्रिक, टर्मिनेटर टू मधला तो पाऱ्याचा माणूस. लोक त्याला नावं ठेवतात ते मला पटत नाही, माणूस मेहनती आहे, आठवा सीझन बराच चांगला आहे, पहिल्यासारखा काळाकुट्ट. फक्त मल्डर कधी येतो म्हणून वाट बघत बसायचं नाही. नवव्याबद्दल मात्र मी कोणाला आग्रह करणार नाही.

नंतरच्या दहाव्या-अकराव्या सीझनमध्ये "माय स्ट्रगल" नावाचे चार एपिसोड आहेत, मायथॉलॉजी पुढे नेणारे, ते सरळ बाजूला ठेवा. त्याऐवजी डॅरिन मॉर्गनचे दोन बघा, दहाव्यातला तिसरा, वेअर-मॉन्स्टरवाला, आणि अकराव्यातला चौथा, द लॉस्ट आर्ट ऑफ फोरहेड स्वेट. दोन्ही सुटे आहेत, कुठल्याही थांब्यानंतर कधीही बघता येतात.

हीच पद्धत दुसऱ्या सिरीजला लावायची तर

लॉस्टला नाही चालणार. तिथे २००७ मध्येच निर्मात्यांनी चॅनेलशी बोलून २०१० मध्ये संपवायचं जाहीर केलं, म्हणून तिसऱ्या सीझनच्या पहिल्या अर्ध्यात गोष्ट जागच्या जागी फिरते आणि तारीख ठरल्यावर सुसाट सुटते. तिथे निवडानिवड करायची नाही, सलग बघायचं, फक्त तिसऱ्याच्या त्या पट्ट्यात धीर धरायचा.

फ्रिंज बघणार असाल (१०० एपिसोड, २००८ ते २०१३, एक्स फाइल्स आवडणाऱ्यांना हमखास आवडते) तर अनअर्थ्ड नावाचा एपिसोड शोधून ठेवा. तो पहिल्या सीझनसाठी बनवलेला पण दाखवला दुसऱ्याच्या मध्यात, जानेवारी २०१० मध्ये, आणि तिथे तो बघितला की डोक्याचा भुगा होतो कारण गोष्ट तोपर्यंत पार पुढे गेलेली असते. तो पहिल्या सीझनबरोबरच उरकून टाका. फ्रिंजच्या टायटलचा रंग पण बदलतो, तो का बदलतो ते तुमचं तुम्ही शोधा, आणि तिथे पण स्किप इंट्रो दाबायचं नाही.